कोरडं रडणं

टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. ज्याच्या त्याच्या कडेवर आजारी पोर आणि सगळ्यांचे डोळे खडेबाबाकडे. बाबा पोराच्या पोटाला पितळी नळी लावायचा, गाल आत ओढून शोषायचा आणि ताटलीत टणकन काळा खडा टाकायचा. "हा बघा आजार. आता संध्याकाळपर्यंत पाण्याचा थेंब द्यायचा नाही, नाहीतर खडा परत धरेल." लोक हात जोडत होते.

गर्दीत आपला जादूगार उभा होता. वाढदिवसांना टोपीतून फुलं काढून, तळाला भोक असलेल्या तांब्यातलं पाणी हवं तेव्हा थांबवून पोट भरणारा माणूस. शेजारी बायको, तिच्या खांद्यावर कालपासून जुलाबांनी बेजार झालेली छोटी. आणलं होतं सासूबाईंनी. जावईबापू आले होते ते फक्त नाक मुरडायला. अख्ख्या गल्लीत आपल्याइतका शहाणा कोणी नाही असं त्याचं मत होतं, आणि त्या मताचा तो एकटाच होता.

त्याच्या लक्षात आलं, शोषण्याआधी बाबा दर वेळी तोंड पुसतो. टॉवेल दर वेळी तोच. अरेच्चा, हा तर आपलाच धंदा! छोटीची पाळी आली तसा त्याने टॉवेल हिसकावला. दुमडीत शिवलेल्या खिशातून चण्याएवढे खडे टपाटप खाली पडले. तोंड पुसताना खडा गालात, शोषल्यावर ताटलीत. संपली विद्या.

टाळ्यांचा कडकडाट झाला. इथेच तर घोडं पेंड खातं. टाळ्या ऐकल्या की या गड्याला वाकल्यावाचून राहवत नसे. तो वाकला, नळी उचलली, एका आजोबांच्या पोटातून खडा काढला, दुसऱ्यांच्या कानातून काढला. खडेबाबा मागच्या जिन्याने केव्हाच पसार झाला, तरी याचं भाषण चालूच.

"अहो, ही रडतेय," बायको म्हणाली, "पण डोळ्यांत पाणीच नाही."

त्याने नळी टाकून छोटीला जवळ घेतलं. छोटीचे डोळे खोल गेले होते, ओठ सुकले होते.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी छोटीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडीची घडी सावकाश बसली, म्हणजे अंगातलं पाणी आटलं होतं. सकाळपासून शू नाही हे ऐकून त्यांनी विचारलं, पाणी कोणी बंद केलं? बाबाने तर छोटीला हातही लावला नव्हता. जादूगाराने मान खाली घातली.

"मी. म्हटलं, वरून ओतलं नाही तर खालून वाहणार नाही. माझ्या जादूच्या तांब्यासारखं."

"तांब्या रिकामा झाला तर पुन्हा भरता येतो," बाई म्हणाल्या. "मूल हातचं जातं."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी उकळून गार केलेलं पाणी पुडीवर लिहिलंय तेवढं मोजून त्यात अख्खी ओआरएसची पुडी कालवली आणि चमचा त्याच्याच हातात दिला. ओकली तर जरा थांबायचं, पुन्हा हळूहळू पाजायचं. आईचं दूध आणि खाणं तोडायचं नाही. शी धुतल्यावर, भरवण्याआधी साबणाने हात धुवायचे. तो शाळकरी पोरासारखा मान हलवत होता.

बऱ्याच चमच्यांनंतर छोटीने त्याचा हात ढकलला आणि भोकाड पसरलं. गालावरून एक टपोरा थेंब ओघळला. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला, बायको हसली, आणि जादूगार हुंदके देऊन रडला.

आता दर खेळात तांब्याची जादू झाली की तो आईबापांना सांगतो, "हा तांब्या खोटा आहे, तुमचं मूल खरं आहे. जुलाब लागले की पाणी तोडू नका, ओआरएस पाजा. मूल मलूल झालं, शू थांबली, शीमध्ये रक्त दिसलं, तर बाबाकडे नको, माझ्यासारख्या दीडशहाण्याकडेही नको, तडक डॉक्टरांकडे न्या."

यावर कोणी टाळ्या वाजवत नाही. तोही वाकत नाही.