खिडकीतली बाटली

बावीस वर्षांत माझ्या लॅबमधली एक बाटली इकडची तिकडे झालेली नाही. हे मी येईल त्याला ऐकवते, आणि का ऐकवू नये?

त्या दिवशी मात्र नळवाल्याशी हुज्जत घालण्याच्या नादात एका पेशंटची लघवीची बाटली खिडकीत उन्हातच राहिली. पेशंट म्हणजे बसमध्ये तिकिटं देणारी एक पोरगी. वर्षभरात चौथ्यांदा पोट धरून आली होती. मागच्या खेपेला आमच्या डॉक्टरांनी तिचं अपेंडिक्स काढलं, ते चांगलं ठणठणीत निघालं. आता म्हणत होते, उद्या पोट उघडून बघू. तिची आई बाकावर नुसती बसून होती.

दुपारी बाटलीकडे लक्ष गेलं आणि मी ती उचलून उजेडात धरली. सकाळी रिपोर्टात मीच 'फिकट पिवळी' लिहिलं होतं, आता ती कोऱ्या चहासारखी झाली होती. मुकाट्याने ओतून टाकली असती तर कुणाला कळलं असतं? हात बेसिनपर्यंत गेलाही. पण उद्या त्या पोरीचं पोट फाडणार होते.

मी बाटली घेऊन डॉक्टरांपुढे उभी राहिले. "चूक माझी. ही उन्हात राहिली. पण अशी काळी पडलेली मी आजवर पाहिली नाही."

"बाटल्यांची अदलाबदल झाली असेल, बाई."

हे मला भलतंच झोंबलं. "मग ताजी घेते. निम्मी कपाटात, निम्मी खिडकीत. कुलूप तुम्हीच लावा."

संध्याकाळी कपाटातली पिवळीच होती, खिडकीतली काळवंडली होती. पेशंट पुढे पाठवणं म्हणजे नाक कापून घेणं, असं मानणारे आमचे डॉक्टर दोन्ही बाटल्या उचलून खिडकीशी गेले. मग त्यांनी मोठ्या हॉस्पिटलातल्या यकृताच्या तज्ज्ञांना फोन लावला.

"पोट उघडू नका," तज्ज्ञ म्हणाले. "यकृतातला आनुवंशिक दोष दिसतोय, त्यानेच पोट दुखतं आणि लघवी उन्हात काळी पडते. काही औषधांनी तो उसळतो, म्हणून अंदाजाने काही देऊ नका, आजच पाठवा."

तीन आठवड्यांनी पत्र आलं. निदान तेच होतं, पोरगी कामावर परतली होती आणि वेळेवर पाठवल्याबद्दल डॉक्टरांचं अभिनंदन होतं. डॉक्टरांनी 'डॉक्टर' शब्दावर काट मारून वर 'लॅबच्या बाई' असं लिहिलं आणि पत्र माझ्या बेसिनच्या वर भिंतीला चिकटवलं. मला अभिमान वाटला, उगाच कशाला लपवू?

काल ती आई धाकट्या लेकीला घेऊन आली. हिचं अजून काहीच दुखत नव्हतं. मी तोंड उघडायच्या आत डॉक्टरांनी तज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी लिहून दिली.