खाते वापरात आहे

आठाच्या कळीवरचा चिकटपट्टीचा तुकडा एका कोपऱ्यातून पुन्हा सुटला होता. तिने तो अंगठ्याच्या नखाने दाबून बसवला आणि बोट तिथेच राहू दिलं. ही पट्टी कामावरची. शस्त्रक्रियेच्या अवजारांचे गठ्ठे बांधून वाफेच्या यंत्रात ढकलतात तेव्हा त्यांच्यावर चिकटवायची. वाफ नीट लागली की तिच्यावरच्या फिकट रेघा काळ्या होतात. इथे, घरातल्या कळफलकावर, तिला वाफ कुठून लागणार? रेघा फिकटच होत्या. पण अंधुक उजेडातही बोटाला खूण पटत होती, आणि आठ दाबलं की तिघंही एकदम चालू लागत होते.

पडद्यावर गेमच्या तीन चौकटी. डावीकडे ती स्वतः, म्हणजे तिची ढालवाली, पुढे उभी राहून सगळ्यांच्या वाटचा मार खाणारी. उजवीकडे मधल्याचा, तिच्या भावाचा, जादूगार. लांब उभा राहून आगी लावणारा, स्वभावाला अगदी साजेसा. आणि खाली धाकटीची ती… ‘उनाड’. हे नाव धाकटीनेच ठेवलेलं. एकेकाळी तिघं भावंडं याच घराच्या तीन कोपऱ्यांत बसून खेळायची, भिंतीपलीकडून ओरडायची — ताई, मागे बघ, मागे! — आणि आता घर तेच होतं, ओरडणारं कुणी नव्हतं. मधला लग्नानंतर दुसऱ्या गावी गेला. धाकटी… धाकटीही गेली, दोन वर्षं होतील. तेव्हापासून ताई तिघांना एकटीच खेळवत होती. उंटावरून शेळ्या हाकतेस, असं मधला चिडवायचा. उंट कुठला, मी तर शेळ्यांच्या पुढे चालते, असं ती म्हणायची. आणि ते खरंच होतं.

एकेकाला वाढवायचं म्हणजे तीच वाट तीनदा तुडवायची. तिघं बरोबर असले तर एकाने मारलेल्या राक्षसाचा अनुभव तिघांच्या खात्यात पडतो, शिवाय सोबतीचा म्हणून वर थोडा जास्त. अट एकच. तिघांत पाचपेक्षा जास्त लेव्हलचं अंतर पडता कामा नये. पडलं की मागच्याला नुसता चुरा मिळतो. म्हणजे कुणाला मागे पडू द्यायचं नाही. हे तिला कुणी शिकवायला नको होतं. आईवडील गेले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, आणि मागे दोघं होती.

तिने तिघांना सरायीत बसवलं. इथे शेकोटीजवळ बसून राहिलं की विश्रांती साठते, आणि साठलेल्या विश्रांतीवर दुपारी दुप्पट अनुभव मिळतो. म्हणून ती कामावर जाताना संगणक बंद करत नसे. रोजचाच शिरस्ता. उठणार तेवढ्यात फोन थरथरला.

“आज सुट्टी आहे. पाचला गेममध्ये येईन म्हणते. माझी ती आहे ना अजून?”

धाकटीचा निरोप. दोन वर्षांत ‘ठीक आहे’, ‘पोचले’, ‘तूही काळजी घे’ यांच्यापलीकडे न गेलेल्या धाकटीचा. ताईने तो उभ्याने वाचला, मग बसून वाचला. आहे म्हणजे? अगं, आहे म्हणजे काय, अठ्ठावन्नाव्या लेव्हलला आहे! बेचाळीसवर सोडून गेली होतीस तू. पण तिने लिहिलं एवढंच — “आहे.” आणि लिहिता लिहिताच हिशेब सुरू झाला होता: साठला उत्तरेचा दरवाजा उघडतो, तिघांसाठी एकदम, दोन लेव्हल, दुप्पट अनुभव, खाणीच्या तीन फेऱ्या… तीनला बसलं तर पावणेपाचपर्यंत होतं. धाकटी आत येईल आणि समोर दरवाजा उघडा असेल. हे तिला इतकं आवडलं की चपला घालताना डावी-उजवी चुकली.

कामावर वाफेचं यंत्र जोरात फुसफुसत होतं. निर्जंतुकीकरण विभागाची ती प्रमुख. कुठल्या तबकात किती चिमटे, किती कात्र्या, हे तिला झोपेतून उठवून विचारावं. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेचं तबक — बेचाळीस नग. नवी मदतनीस एकेक अवजार मांडत मोठ्याने मोजत होती, आणि तिचं एकेचाळीसवर थांबलं.

“बाई, एक कमी येतंय.”

“वाकडा चिमटा. छोटा. ओल्या कापडाखाली बघ.”

होता. मदतनीस हसली, “तुम्ही तर न बघताच सांगता.” ताईला बरं वाटलं, नाही कशाला म्हणा? न बघता सांगता येणं म्हणजे एखाद्या गोष्टीवर आपला पूर्ण हात बसणं. मुलं अशीच वाढवली मी. धाकटीचा ताप हात न लावता कळायचा. मधला खोटं बोलणार हे त्याच्याआधी मला ठाऊक असायचं. आणि तरी त्या दिवशी दारात बॅग घेऊन उभी असलेली धाकटी… ते मला आधी कसं दिसलं नाही?

धाकटीसाठी बघितलेली ती नोकरी चांगली होती. याच रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत, प्रशिक्षण, मग कायम. अर्ज ताईने भरला, फोटो ताईने चिकटवला, मुलाखतीची तारीख धाकटीला आदल्या दिवशी सांगितली — घाबरू नये म्हणून! धाकटी निमूट गेली, लागली, अकरा दिवस काम केलं. आणि बाराव्या दिवशी कुठल्याशा दूरच्या शहरात, जुनी वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडे शिकायला निघाली. ओरडली नाही, हेच वाईट. “ताई, तू मला एकदाही विचारलं नाहीस गं.” “विचारायचं काय त्यात? चांगलंच होतं ना?” यावर धाकटीने फक्त बॅग उचलली. त्या उत्तरात चूक काय होती, हे ताई दोन वर्षं शोधत होती, आणि दर वेळी तिला ते उत्तर बरोबरच वाटत होतं.

तीनला पाच मिनिटं कमी असताना ती पडद्यासमोर होती. जेवण उभ्याउभ्या उरकलं. खाणीची पहिली फेरी: वळणावर दोन पहारेकरी, ढाल पुढे, आठ, आग, आठ, मलम… उनाडच्या हातातून हिरवा उजेड निघायचा आणि ढालवालीच्या जखमा भरून यायच्या. तीन चौकटी एका तालात हलत होत्या. साडेतीनला तिघांच्या डोक्यावर एकदम सोनेरी झोत उठला — एकोणसाठ. ताईने सवयीने तिघांचे नवे पॉइंट वाटून टाकले: ढालीला तीन, आगीला तीन, उनाडच्या मलमविद्येला तीन. डोळे न हलवता. तेवढ्यात मधल्याचा फोन आला.

“ताई, माझा जादूगार कितीवर आला?”

“एकोणसाठ. कधी ढुंकून बघतोस का त्याच्याकडे?”

“कशाला? आयत्या बिळावर नागोबा व्हायला मला फार आवडतं.” तो खो-खो हसला. “धाकटीने कळवलं ना तुला? आज तरी तिची जागा मोकळी ठेव हं.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय म्हणजे? ती मागे तीन-चारदा आत यायला गेली होती. दर वेळी एकच… खाते वापरात आहे, नंतर प्रयत्न करा. तुला माहीत नव्हतं?”

“मला कुणी सांगितलं?”

“ती म्हणाली, नको सांगूस. ताई आहे आत, असू दे म्हणाली.”

फोन ठेवल्यावर तिघं खाणीत तसेच उभे होते. एवढ्याशा चौकटीतही श्वास घेतात ती माणसं, खांदे वरखाली होत असतात. ताई त्यांच्याकडे बघत राहिली. सकाळी सरायीत, दुपारी खाणीत, संध्याकाळी पुन्हा सरायीत. दोन वर्षांत अर्धा तासही उनाड रिकामी नव्हती. मी तिची जागा राखून ठेवली होती… मी तिथे बसून होते. बाहेरून धाकटी दार वाजवत होती, आणि आत मी तिच्यासाठी मलमविद्या शिकत होते.

मलमविद्या! ताईने उनाडचं पान उघडलं. एकशे सत्तर-ऐंशी पॉइंट, सगळे एका खांबात, सुरेख, सरळ. हे आधी असं नव्हतं. धाकटी गेल्यानंतरच्याच महिन्यात ताईने ते केलं होतं — जुने पॉइंट पुसणारी भूर्जपत्रं मिळतात, त्यातलं एक वापरलं, कारण तिघांत मलम लावणारं कुणीतरी हवंच, आणि उनाडचे पॉइंट नुसते उधळलेले होते, थोडे इथे, थोडे तिथे. डोक्यावर एक फाटकी गवताची टोपी होती, तीही विकली. संरक्षण शून्य होतं त्या टोपीला! …आणि माझ्या मनात एकदाही आलं नाही, विचारावं.

चूक सापडली. दोन वर्षं शोधलेली ती इथे, खाणीत, मलमाच्या खांबाखाली निघाली, आणि ताईला रडू येण्याऐवजी आधी स्वतःचा भयंकर राग आला. अति शहाणी! ठीक आहे, भूर्जपत्र अजून एक आहे पेटीत. पुसून टाकू. होतं तसं करू, पाच वाजायच्या आत, तिला कळणारही नाही… तिने पत्र वापरलं. खांब कोसळला, सगळे पॉइंट मोकळे होऊन वरच्या कोपऱ्यात जमा झाले. आता वाटायचे. बासरीत होते, नक्की, किती? मासेमारीत? का रंगकामात? एक कसलीतरी निरुपयोगी विद्या होती, पक्ष्यांची बोली किंवा तसं काही, धाकटी त्यावर तास-तास घालवायची आणि जेवायला बोलावलं की म्हणायची, थांब ना ताई, एक उत्तर देतोय. कोण उत्तर देत होतं? काय विचारलं होतंस तू?

तिला आठवेना. बेचाळीस नगांचं तबक न बघता सांगणाऱ्या बाईला आपल्या बहिणीच्या बेचाळीस लेव्हलचं काही सांगता येईना. आठवेना कसं? मी ते कधी पाहिलंच नव्हतं. मी फक्त पुढे चालत होते आणि मागे वळून मोजत होते — एक, दोन, आहेत. तिने बासरीवर एक पॉइंट ठेवला आणि उचलला. मासेमारीवर ठेवला, उचलला. हे बरोबर करणंसुद्धा माझं काम नाही, असं अगदी सावकाश तिच्या लक्षात आलं, आणि हाताला काय करावं कळेना.

चार वाजून वीस मिनिटं झाली होती. एकच गोष्ट तिला पक्की आठवत होती, कारण धाकटी गेली त्या दिवशी तिने तिथून उनाडला उचललं होतं: खालच्या गावाबाहेरचा लाकडी पूल, कठड्यावर पाय सोडून बसलेली ती. तिथे ना राक्षस, ना अनुभव. ताईने तिघांना खाणीतून बाहेर काढलं, लांबच्या वाटेने पुलाशी नेलं. साठ राहिलं, राहू दे. मग ‘मागे चालणे’ ही खूण उनाडवरून काढली. उनाडला कठड्यावर बसवलं. पॉइंट तसेच, सगळेच्या सगळे, न वाटलेले. मग खालची चौकट बंद केली.

पुलावरची उनाड आधी फिकट झाली, मग नाहीशी. आता पडद्यावर दोनच, आणि कठड्यावर रिकामी जागा. ताईने मधल्यालाही बाहेर काढलं. त्याला काय, तो नागोबा, येईल तेव्हा येईल.

धाकटीला सगळं सांगायचं. टोपी विकली हेही सांगायचं. ती चिडेल, चिडू दे, निदान ओरडेल तरी. किंवा येणारच नाही. पाचला येईन म्हणते, असं लिहिलंय तिने, येते असं नाही. पण… ताईचं बोट कळीवर थबकलं. पासवर्ड. तो धाकटीचाच होता, बदलायला अर्धं मिनिट पुरतं. एकदा बदलला असता तर ताई कायमची बाहेर. तीन-चारदा दारातून परत जाताना हे तिला सुचलं नसेल? ती काय भोळी आहे? सुचलं असणारच. आणि तिने तो बदलला नाही. ताई आहे आत, असू दे…

हा विचार छातीत कुठेतरी ऊबदार होऊन बसला. त्याला हात लावायची तिला भीती वाटली, म्हणून ती उगाच चार पावलं चालली. कुणी मागे आलं नाही. ढालवाली एकटी किती हलकी वळते, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं. इकडे वळ, तिकडे वळ, कुणाला धक्का नाही. पुलाखाली पाणी होतं. दोन वर्षांत या पुलावरून ती शेकडो वेळा गेली असेल, पाण्याला आवाज आहे हे आत्ता ऐकू आलं.

घड्याळाकडे बघायचं नाही, असं ठरवून तिने दोनदा बघितलं. पाचला चार मिनिटं. उत्तरेला जाता येणार नाही, खाणीत मलमाशिवाय जाणं म्हणजे आत्महत्या, मग न्यायचं कुठे हिला — आणि ती थांबली. आली तर विचारायचं. कुठे जाऊ या? तिने तो प्रश्न रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणून पाहिला. आवाज जरा चिरका आला. पुन्हा म्हणून पाहिला. उत्तर काय येईल, याचा तिला काही म्हणजे काहीच अंदाज नव्हता, आणि आज, कितीतरी वर्षांनी, तिला त्याची चक्क मजा वाटत होती.