वरच्या खणातली चटणी

आमच्या सुनेला विचारायची सवयच नाही. मिनलनं तळवड्यात जुन्या काळासारखी सजवलेली खानावळ काढली आणि माझ्या मालकांचा कंपनीत न्यायचा जर्मनचा डबा थेट भिंतीवर टांगला. पोचे पडलेला डबा काय लोकांना दाखवायचा? मी तो उतरवून आणायलाच गेले.

गेले तर बसायला जागा नाही, एवढी गर्दी. प्रत्येक ताटात बोंबलाच्या चटणीच्या दोन वाट्या.

"दोन कशाला गं?"

"आई, एक शेजारच्याला द्यायची. बाबा डब्याच्या वरच्या खणात शेजारच्या मशीनवाल्यासाठी चटणी न्यायचे ना? तुम्हीच सांगितलंत."

तेवढ्यात गळ्यात आयटी कंपनीचं कार्ड घातलेल्या एका पोरानं अनोळखी टेम्पोवाल्यापुढं वाटी सरकवली. "घ्या काका, इथली रीतच हाय."

आमच्या घरची रीत परका पोरगा सांगत होता! माझी मान अशी ताठ झाली की विचारू नका. मी चटणी चाखली आणि सगळ्यांदेखत सुनावलं, "मिनल, डबा राहू दे तिथंच. पण लसूण वाढव. असली मिळमिळीत चटणी तुझ्या सासऱ्यांनी दोस्ताला कधी दिली नसती!"