चारशे सतरा नंबरचा सुरा

मित्रांनो, निवृत्तीला नाशकाजवळ अंबडच्या कारखान्यात काम लागले आणि त्याच महिन्यात त्याच्या घरी मुलगी जन्मली, ते साल १९८२. तेव्हा मी चाळीस वर्षांचा म्हातारा होतो. मी लष्करातला एक जुना सुरा आहे, चामड्याच्या म्यानात राहणारा.

माझी मूठ चामड्याच्या चकत्या एकावर एक दाबून केलेली. पाते मात्र मुद्दाम काळे, मंद ठेवलेले, कारण चमकले तर शत्रूला दिसेल. मुठीलगत लष्कराचा शिक्का होता आणि त्याखाली नंबर, ४१७. निवृत्तीचे वडील सावळीराम गांगुर्डे ब्रह्मदेशाच्या लढाईवर निघाले, तेव्हा मी त्यांच्या पट्ट्याला आलो. तिथे मी बांबू तोडले, डबे उघडले, जखमेवर बांधायला सदरे फाडले. माणूस मारला नाही. हे ऐकून मुले हिरमुसतात, पण खरे ते तेवढेच.

लढाई संपली आणि सावळीराम नाशकात एका कापडाच्या दुकानी पहारेकरी झाले. १९६९ च्या पुरात गोदावरीने त्यांची ट्रंक नेली. कागद गेले, पदक गेले. शेळीचे दावे कापायला त्यांनी मला कमरेला लावले होते, म्हणून मी राहिलो. ते लढाईवर होते याला आता मी एकटाच साक्षीदार.

"काय सुभेदार," शेजारचा चंदर हटकून विचारायचा, "जपान्यांना तुम्ही पळवलं, का त्यांनी तुम्हाला?"

"दोघंबी पळत होतो," सावळीराम म्हणायचे. लोक हसत, तेही हसत. घरी आले की मात्र मला म्यानातून काढून नंबरावर अंगठा फिरवत बसत. त्यांची बायको धोंडाबाई म्हणायची, "झिजंल की तो आकडा!"

१९८३ च्या पावसाळ्यात मल्हारी मास्तर दुकानात आले. ते जुनी हत्यारे जमवत. पंधरा ऑगस्टला नाशकातल्या लढवय्यांच्या वस्तू मांडायचे त्यांनी ठरवले होते.

"लढाईनंतर याच घडणीचे सुरे शिकाऱ्यांसाठी बाजारात आले, सावळीराम. मूठ तीच, म्यान तेच. फक्त पातं चकचकीत आणि शिक्का नाही. तुमच्यावर शिक्का आहे ना?"

"हाय मास्तर. नंबरबी हाय."

"मग रविवारी आणा. खाली तुमच्या नावाची चिठ्ठी लावू. सगळं गाव वाचेल."

सावळीरामांनी ही गोष्ट घरी दहा वेळा सांगितली. चंदरला तर मुद्दाम थांबवून सांगितली.

निवृत्ती कारखान्यात बफिंगच्या चाकावर होता. गंजके लोखंड आरशासारखे करणे हे त्याचे काम, आणि त्याचा त्याला मोठा अभिमान. बापाची वस्तू सगळ्या गावासमोर अशी काळी कशी जाणार? शनिवारी त्याने मला गुपचूप डब्याच्या पिशवीत घातले. चाक माझ्यावर फिरू लागले. मला ओरडता येत नाही, मित्रांनो.

संध्याकाळी त्याने मला बापाच्या हातात ठेवले. "बाबा, बघा! तोंड दिसतंय तुमचं!"

सावळीरामांचा अंगठा मुठीलगत गेला आणि तिथेच थांबला. "नंबर कुठं गेला रं?"

"कसला नंबर? खड्डे होते गंजाचे. जेवणाच्या सुट्टीत खपून काढले."

सावळीरामांनी मला म्यानात सरकवले. मग म्हणाले, "लय मेहनत केली." आपण काय पुसले ते निवृत्तीला कळले. तो जेवला नाही.

रविवारी दोघे मास्तरांकडे गेले. मास्तरांनी मला उजेडात धरले, भिंग लावले, उलटेसुलटे केले.

"सावळीराम, हा नंतरचा दिसतो. पण कुणी घासला असेल, शिक्का पुसला असेल, तर आत्ताच सांगा. मी तसं लिहीन."

मास्तरांच्या खोलीत अजून चार माणसे बसली होती. चंदरही होता. निवृत्ती मान खाली घालून उभा होता. त्याच्या नखांत अजून बफिंगची काळी मळी होती. त्याने तोंड उघडले, तेवढ्यात सावळीराम बोलले, "नाय मास्तर. पहिल्यापासून असाच हाय."

मास्तरांनी मला परत दिले. चंदर हसला नाही. त्या दिवसापासून त्याने सुभेदार म्हणणेही सोडले.

आठवड्याने निवृत्ती एकटाच जाऊन खरे सांगून आला. मास्तर म्हणाले, "तुझ्या वडिलांनी चौघांत सांगितलं ते खोटं धरू का? आता शिक्का कुठून आणू?"

निवृत्तीने पुन्हा बापासमोर माझे नाव काढले नाही. आता धोंडाबाई माझ्या पात्याने भोपळा फोडते. मला चांगली धार आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तूवर हात चालवण्याआधी ती ज्याची आहे त्याला विचारा. डाग कोणता आणि खूण कोणती, हे त्यालाच ठाऊक असते. माझ्यावरची गेलेली खूण परत येणार नाही.

सावळीराम झुंबर गांगुर्डे ९ डिसेंबर १९८४ रोजी, रविवारी, घरीच वारले. मृत्यूच्या दाखल्यावर धंदा 'पहारेकरी' असा लिहिला आहे.