परत आलेला कप

मंगळवार, दहा मार्च, सकाळचे अकरा वाजून चाळीस मिनिटं. वाशीमच्या कोर्टाजवळच्या गल्लीतल्या 'वाफ' या कॉफीच्या दुकानात तीन नंबरच्या टेबलावरून एक कप परत आला. मालकीण वैजयंतीनं तो दानिशपुढे सरकवला आणि म्हणाली, "चाख बरं, काय बिघडलं ते."

दानिशनं चमचा कपात बुडवला आणि तोंडात घातला. "जळाली," तो म्हणाला. "दुसरी देतो." मग तो मागच्या बेसिनकडे गेला, मिनिटाभरात परत आला आणि त्यानं नवा कप भरून दिला.

त्या दिवशी विसावा रोजा होता.

दुकानात तेव्हा अकरा माणसं होती. त्यांतल्या कोणाला काही खटकलं नाही. वैजयंतीलाही नाही. तिच्या एका कानाशी फोन होता आणि पलीकडून दूधवाला जगदेव सांगत होता की एक म्हैस आटली, उद्यापासून तीन लिटर कमी येईल. समोर तीन नंबरवरून उठून आलेले अ‍ॅडव्होकेट शेषराव दोन पक्षकारांना घेऊन उभे होते. पावणेबाराला त्यांचं प्रकरण पुकारलं जाणार होतं आणि कप परत करताना त्यांनी विचारलं होतं, "मॅडम, ही कॉफी हाय का काढा?" पक्षकार हसले होते. वैजयंतीही हसली होती. फोन खांद्यात धरून तिनं कप सरकवला, तो दानिशकडे न पाहताच.

'वाफ' उघडून दोन वर्षं झाली होती. त्याआधी वैजयंती आठ वर्षं पुण्यात एका कॉफीच्या साखळी दुकानात होती. कप धुण्यापासून सुरुवात करून ती शिफ्टची प्रमुख झाली होती. नवऱ्याची बदली वाशीमला झाली तेव्हा तिनं नोकरी सोडली आणि नागपुरातून एक जुनं एस्प्रेसो मशीन आणलं. तीन आठवड्यांत ते बंद पडलं. पुण्याचा मेकॅनिक यायला दहा दिवस लागणार होते. म्हणून तिनं मोटर वाइंडिंगचं दुकान चालवणाऱ्या रऊफचाचांना बोलावलं. चाचांनी आपल्या मुलाला पाठवलं. दानिश तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. असं मशीन त्यानं कधी पाहिलं नव्हतं. दुपारभर ते खोलून बसला, संध्याकाळी सुरू करून दिलं, आणि मग विचारलं की आता हे चालवतात कसं.

महिनाभरात तो कामावर आला. पुण्यात जे शिकायला वैजयंतीला वर्ष लागलं होतं, ते त्यानं तीन महिन्यांत उचललं. म्हशीच्या दुधाला फेस कसा आणायचा, हे तर त्यानंच तिला शिकवलं. तो कानानं काम करायचा. दूध तापताना वाफेचा आवाज जाड झाला की भांडं खाली घ्यायचं. वाशीममधली निम्मी गिऱ्हाइकं दुकानात पाय ठेवताना आधी दानिश आहे का ते बघायची. वैजयंतीला हे ठाऊक होतं, आणि दानिश गेला तर दुकानाचं काय होईल हेही ठाऊक होतं. नवं माणूस तयार करायला वर्ष गेलं असतं, आणि तेवढा दम दुकानात नव्हता.

काउंटरच्या आतल्या बाजूला तिनं एक पुठ्ठा लावला होता. त्यावर तिच्या अक्षरात पाच नियम होते. पहिला असा: गिऱ्हाइकासमोर आपसात बोलायचं नाही, जे बोलायचं ते नंतर, मागे. तिसरा असा: परत आलेला कप ज्यानं बनवला त्यानं चाखायचा, आणि मग दुसरा द्यायचा. हा तिसरा नियम पुण्याचा होता. चाखल्याशिवाय माणसाला आपली चूक पटत नाही, असं तिथे शिकवायचे. वाशीमला आल्यावर दुसऱ्याचा उष्टा कप चाखायला माणसं कचरतील म्हणून तिनं त्यात चमचा घातला, एवढाच फरक.

रमजान लागायच्या आदल्या दिवशी ती दानिशबरोबर बसली होती. तो नेहमीच्या सातऐवजी साडेपाचला घरी जाईल, हे ठरलं. जुम्म्याला साडेबारा ते सव्वादोन सुट्टी, ती तर बाराही महिने होतीच. आणि तिसऱ्या नियमापुढे तिनं स्वतः पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'रमजानात वैजयंती.' म्हणजे महिनाभर परत आलेला प्रत्येक कप ती चाखेल. वीस दिवसांत तीन कप परत आले होते, ते तिनंच चाखले होते. चौथा शेषरावांचा.

एक वाजता गर्दी ओसरली. कप धुणारी कमलीबाई ओले हात पदराला पुसत काउंटरपाशी आली. ती वैजयंतीपेक्षा वीस वर्षांनी मोठी होती आणि तिला वैजूताई म्हणायची.

"वैजूताई, त्या पोराचा रोजा होता ना वो?"

वैजयंती नाणी लावत होती. तिचा हात तिथंच थांबला. तिनं पुठ्ठ्याकडे पाहिलं. पेन्सिलीची अक्षरं पुसट झाली होती, पण वाचता येत होती.

दानिश मागे वाफेची नळी फडक्यानं पुसत होता. ती त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. काय बोलायचं ते तिनं ठरवलं नव्हतं, म्हणून जे आधी तोंडात आलं तेच विचारलं.

"तू बोलला काहून नाई?"

"गिऱ्हाईक उभं होतं," दानिश म्हणाला. तो पुसतच राहिला. "पयला नियम कोनाचा हाय? तुमचाच."

"अरे, पण असं असल्यावर..."

"तुमी मालकीण हा ताई. वकीलसाहेब हासून राह्यले होते. तिथं मी म्हनू का, का माहा रोजा हाय, तुमीच चाखा? मंग तुमची काय इज्जत राह्यली असती?"

तिला विचारायचं होतं की तो घोट गिळला की थुंकला. बेसिनकडे तो लगेच गेला होता, हे तिला आता आठवत होतं.  दानिशनं तिच्याकडे पाहिलं आणि न विचारलेल्याचं उत्तर दिलं.

"ते माहं न् वरच्याचं हाय. तुमचं न् माहं वेगळं हाय."

मग तो चार नंबरची ऑर्डर घ्यायला पुढे गेला. साडेपाचला नेहमीसारखा एप्रन खुंटीला लावून निघाला. जातो, एवढं म्हणाला.

संध्याकाळी कमलीबाईवर दुकान सोपवून वैजयंती रऊफचाचांच्या दुकानात गेली. हातात निमित्त म्हणून मिक्सरचं भांडं होतं. चाचा शटर अर्धं ओढून रोजा सोडायच्या तयारीत होते. त्यांनी तिला स्टुलावर बसवलं आणि खजुराची डबी पुढे केली. त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता. दानिशनं घरी काहीच सांगितलेलं नाही, हे तिला तेव्हा कळलं. माफी मागायला आली होती, पण इथं तोंड उघडलं असतं तर त्यानं झाकलेलं तिनं उघडं पाडलं असतं. तिनं खजूर घेतला आणि भांड्याची पाती ढिली झाल्याचं सांगितलं.

चाचा आपणहून बोलू लागले. अकोल्याचा कोणी माणूस रिसोड रस्त्याला मोठं कॉफीचं दुकान काढतो आहे. दानिशसाठी दोनदा येऊन गेला.

"मी म्हनलं, जा बापा, मोठं दुकान हाय. तर म्हने, नाई. ताईनं मले शिकवलं, मी नाई जात." चाचा हसले. "तो माहं आयकत नाई, पन तुमचं आयकते."

"कधीची गोष्ट ही, चाचा?"

"मागच्याच हप्त्यातली."

म्हणजे या परत आलेल्या कपाच्या आधीची. वैजयंती खजुराची बी मुठीत धरून घरी आली आणि ओट्यावर ठेवून विसरली.

रात्री तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा हरीओम शांत माणूस. त्याचं म्हणणं पडलं की दानिशला बाजूला घेऊन दोन शब्द बोल आणि विषय संपव, पोरगं समजदार आहे. वैजयंतीला ते पटेना. मागे नेऊन बोलायचं हा तर तिचाच नियम, आणि त्याच नियमानं दानिशचं तोंड बंद केलं होतं. जे काउंटरवर, लोकांसमोर झालं, त्याची भरपाई भांडी घासायच्या कोपऱ्यात कशी होणार? पण लोकांसमोर बोलावं तर दानिशनं जे कोणाला कळू दिलं नव्हतं ते आपण गावाला सांगू. दोन्हीकडून अडचण होती. तिनं शेवटी असं ठरवलं की रोज्याचं नाव घ्यायचं नाही.

बुधवारी पावणेबाराच्या सुमारास शेषराव आले. त्यांच्यासोबत त्या दिवशी एकच पक्षकार होता. वैजयंतीनं पुठ्ठा खिळ्यावरून काढला, काउंटरवर गिऱ्हाइकांच्या बाजूला तोंड करून ठेवला, पेन्सिलीची अक्षरं तळहाताखाली झाकली आणि पहिल्या नियमावर जाड पेनानं रेघ मारली.

"वकीलसाहेब, काल तुमचा कप परत आला. तो चाखायचं काम माहं होतं," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला, आणि पलीकडच्या टेबलावरची माणसंही वळली. "तसं आमचं ठरलं होतं. मी विसरली अन् दानिशले सांगितलं. तो तुमच्यासमोर बोलला नाई, कारन मीच तसा नियम लावला होता. चूक माही होती. दानिश, माफ कर."

 मग शेषराव म्हणाले, "म्हंजे माही कॉफी कोर्टात गेली म्हना की." लोक हसले. ते स्वतः मात्र हसले नाहीत. त्यांनी दानिशकडे पाहिलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, आणि त्यांच्या काहीतरी ध्यानात आलं असावं. कॉफी तशीच ठेवून ते म्हणाले, "मले सांगाचं होतं ना बापा. मी जळकी पेलो असतो."

दानिशनं मान वर केली नाही. "आठ नंबर, दोन कॅपुचिनो," तो म्हणाला, आणि कप ट्रेमध्ये ठेवले.

दुपारी तोच तिच्याजवळ आला.

"वकीलसाहेबाले समजलं," तो म्हणाला.

"मी नाव नाई घेतलं."

"नाव घ्याले काय लागते? रमजान महिना हाय." तो जरा थांबला. "तुमी चांगल्यासाठी बोलल्या. पन मले इचारून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं."

वैजयंतीनं मान हलवली. कालपासून तिनं नवऱ्याला विचारलं होतं, स्वतःला विचारलं होतं, चाचांच्या दारात जाऊन आली होती. दानिशला विचारलं नव्हतं.

"पयला नियम खोडला तुमी," दानिश म्हणाला. "मंग आता त्या जागी कोन्ता?"

"ते तू अन् मी मिळून ठरवू."

"बघू," तो म्हणाला.

पुठ्ठा पुन्हा खिळ्यावर गेला. पहिल्या ओळीवर रेघ, बाकी चार जशाच्या तशा.

गुरुवारी त्यानं नेहमीसारखं काम केलं. साडेपाचला निघण्याआधी त्यानं वैजयंतीला ग्राइंडरपाशी बोलावलं. ऊन वाढलं की दळण कसं बदलतं, जाडीचा आकडा कधी अर्ध्यानं खाली घ्यायचा, आतली पाती साफ करताना कोणता स्क्रू आधी काढायचा, हे त्यानं सावकाश दाखवलं. मग तिच्याकडून एकदा करून घेतलं. दोन वर्षांत त्यानं ग्राइंडरला कधी कोणाला हात लावू दिला नव्हता.

"आता कायले शिकवून राह्यला?" तिनं विचारलं.

"लागते कधी कधी," तो म्हणाला.

शुक्रवारी, तेरा तारखेला, तो साडेबाराला एप्रन खुंटीला लावून नमाजासाठी गेला. सव्वादोनला तो परत येतो. दोन वर्षांत पाच मिनिटांपेक्षा जास्त उशीर कधी झाला नव्हता. अडीचला वैजयंतीनं फोन लावला, तो बंद लागला. मशिदीत जाताना तो फोन बंद करतो, हे कमलीबाईनं तिला सांगितलं, आणि तिलाही ते माहीत होतं. ग्राइंडरखालच्या कप्प्यात त्याची स्क्रू-ड्रायव्हरची डबी आहे का, ते तिनं वाकून पाहिलं. डबी जागेवर होती.

पावणेतीनला सहा नंबरवरून एक कप परत आला. तो वैजयंतीनंच बनवला होता. तिनं चमचा बुडवून चाखला, ग्राइंडरचा आकडा अर्ध्यानं खाली घेतला आणि दुसरा कप भरला.

तीन वाजले तरी दानिश आला नव्हता; त्याचा एप्रन खुंटीवरच होता.