काठीवरची तारीख

"मला काय विचारतेस? मी कुठे आलोय इथे कधी!" नवऱ्याने हे चौथ्यांदा सांगितलं. तिने पाठीवरच्या सॅकचा पट्टा आवळला.

दोन महिन्यांपूर्वी याच सॅकच्या आतल्या कप्प्यात तिला फोटो सापडला होता. मागे धबधबा, पुढे मित्रांसोबत दात काढून उभा असलेला हा, आणि याच्या हातातल्या काठीवर डागलेली तारीख. लेकीच्या जन्माची! दिवस भरण्याआधीच झालेली ती. काचेच्या पेटीत मुठीएवढा जीव धडपडत होता आणि हिची बोटं फोन लावून लावून झिजली होती. तिसऱ्या दिवशी स्वारी उगवली ती वीर होऊनच. लिफ्टचा मेकॅनिक ना. परगावी अडकलेल्या लिफ्टमधून म्हणे सात माणसं सोडवली! चार वर्षं सासूबाई आल्यागेल्याला ही कथा ऐकवत होत्या.

तिने फोटो होता तिथेच ठेवला, धबधबा कुठला ते शोधून काढलं आणि इथे यायचा हट्ट धरला. वाटेत काठ्या देणाऱ्या म्हातारीची झोपडी लागते, तिथपर्यंत मुदत. तोवर त्याने स्वतःहून कबूल केलं, तर ठीक.

जंगल इतकं दाट की भर दुपारी दिवेलागण वाटावी. खोडांवर शेवाळ, शेवाळावर नेचे, पानापानातून ठिबकणारं पाणी. लेकीला खांद्यावर घेऊन तो पुढे होता.

"डावीकडून चल, उजवीकडे दलदल आहे," तो बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. "म्हणजे, अंदाज आपला."

"अंदाज बरा पक्का असतो रे तुझा," ती गोड हसली आणि त्याच्या मानेवर चढणाऱ्या जळवेकडे निवांत बघत राहिली. लेकीच्या पायाशी यायला लागली तेव्हाच तिने ती मिठाने पाडली.

झोपडीतली म्हातारी प्रत्येक वाटसरूला काठी द्यायची, तापल्या तारेने तिच्यावर तारीख डागायची. परतताना काठी तिच्याकडेच टांगलेली राहायची. माणूस पुन्हा आला की त्याची त्याला. नवऱ्याने टोपी नाकापर्यंत ओढली.

"काढा ती टोपी!" म्हातारी खदखदली. "झुलत्या पुलावर आईच्या नावाने बोंब ठोकणारा गडी मी विसरेन होय?" आणि तिने आढ्याची काठी काढून त्याच्या हातात दिली.

त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. बायकोने काठीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि चालू लागली.

धबधबा समोर आला तेव्हा जमीन पायाखाली थरथरत होती. आभाळच फाटून कड्यावरून ओतल्यासारखं पाणी, वर उसळणारे तुषार. तो जवळ येऊन पुटपुटला. ओठांवरून तिला सगळं कळलं.

"ऐकू येत नाही!"

"चुकलो म्हणतोय!"

"मोठ्याने!"

"मी खोटं बोललो! मी इथे होतो!" तो बेंबीच्या देठापासून ओरडला. पलीकडचे प्रवासी वळून बघायला लागले. त्याने काठी पाण्यात भिरकावायला हात उचलला, तो तिने मनगट धरलं.

त्याच्या खांद्यावरची लेक नुकतीच आकडे वाचायला शिकली होती. ती काठीवर बोट फिरवत होती. "एक, दोन... सात... आई, हा तर माझा वाढदिवस! बाबांनी माझ्यासाठी लिहिला?"

"हो गं राणी. झोपडीतल्या आजीबाईंना विचारून काठी घरी नेऊ. दाराशीच उभी करू," ती नवऱ्याच्या डोळ्यांत बघत म्हणाली. "घरी तुझ्या आजीकडे कोणीही आलं, की तू वाचून दाखवायचं. आणि ती कुठून आणली, ते बाबा सांगतील."