धूर नव्हता, वास होता

मित्रांनो, मी तुमच्या मुठीत मावेन एवढाच आहे. अंगावर काळा रंग, डोक्यावर काचेची तोटी, पोटात एक छोटीशी वाटी आणि कुशीला बटण. मला व्हेपोरायझर म्हणतात. माझ्या वाटीत तंबाखूचं सुकं पान भरतात. मी ते जाळत नाही, फक्त तापवतो. पान भाजल्यासारखं तपकिरी होतं, त्याची वाफ निघते आणि माणूस ती तोटीतून ओढतो. राख नाही, धूर नाही. आता मी जुना झालो आहे. माझ्यातली वीज केव्हाच संपली आहे. तरीही मी बोलतो आहे, याचं तुम्हाला नवल वाटेल. खरं सांगू? मलाही वाटतं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतो तो खोक्यातला काळोख. एके दिवशी झाकण उघडलं आणि समोर अर्चनाचा चेहरा दिसला. अर्चना इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला विमानांच्या कंपनीत इंजिनियर होती. तिचे आईवडील, नीना आणि हरीश, लंडनजवळ स्लाऊला राहायचे. हरीश तरुणपणी निपाणीहून इकडे आले आणि वेअरहाऊसमध्ये फोर्कलिफ्ट चालवत निवृत्त झाले. सिगारेट मात्र निवृत्त झाली नव्हती.

"बाबा, हे ट्राय करा ना, प्लीज," अर्चना म्हणाली. "ह्याच्यात स्मोक नाही येत. डॉक्टर म्हणाली, सगळं सोडणं बेस्ट. पण सिगारेटपेक्षा ही मशीन बरा."

अर्चना इथेच जन्मलेली. तिच्या मराठीत 'तो', 'ती' आणि 'ते' सारखे एकमेकांच्या जागी जाऊन बसत. हरीश नुसते हसत. त्यांनी तिला कधी दुरुस्त केलं नाही.

त्यांनी मला पहिल्यांदा ओठांना लावलं, ओढलं आणि डोळे मिटून घेतले.

"अगं नीना, हा वास बघ!" ते एकदम म्हणाले. "वखारीचा वास हाय हा! आमचे आबा तंबाखूच्या वखारीतनं घरी आले की त्यांच्या सदऱ्याला यायचा. सिगारेटच्या धुरात मला हा कधी घावलाच नव्हता की गं."

मित्रांनो, त्या दिवशी मला फार धन्य वाटलं. घराच्या मागच्या बाजूला काचेची खोली होती. जेवण झालं की हरीश तिथे वेताच्या खुर्चीत बसत आणि मला हातात घेत. कापसाच्या काडीने माझी तोटी पुसत, वाटी कोरत. नीनाला सिगारेटच्या वासाचा त्रास व्हायचा, म्हणून ती आधी दार लावून घ्यायची. आता त्रास नव्हता, पण दार लावायची सवय राहिली. अर्चनाला वाटलं, बाबांची काळजी मिटली. तिचे फोन आखूड झाले, येणं कमी झालं. हरीश मग माझ्याशीच बोलू लागले. वखारीतल्या बायका, पानांच्या थप्प्या, आबांचा खोकला. जे मुलीला सांगायचं ते सगळं त्यांनी मला सांगितलं. प्रत्येक झुरक्यागणिक थोडं थोडं माझ्यात उतरत गेलं.

एका उन्हाच्या दुपारी ते ओढता ओढता थांबले. मान हळूच कलली. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच थकलेलं होतं, इतक्या वर्षांच्या सिगारेटी होत्या. मी त्यांच्या बोटांत तापत राहिलो आणि मग त्यांच्याबरोबरच गार झालो.

अर्चना आईसोबत राहायला आली. घरूनच काम करू लागली. नीनाने मला हरीशच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर ठेवलं, अर्धवट भाजल्या पानासकट. त्यांचे कपडे आणि माझा चार्जर तिने चॅरिटी शॉपला दान देऊन टाकले. मला द्यायला मात्र तिचा हात उचलला नाही.

आणि मग ते सुरू झालं.

दुपार होती. खोलीत कोणी नव्हतं. माझं बटण कोणीही दाबलं नाही. तरी माझी वाटी तापू लागली, दिवा लागला आणि माझ्या तोटीवर ओठ टेकले. मला ओठ ओळखता येतात, मित्रांनो. कोणीतरी सावकाश, समाधानाने ओढलं. काचांवर आतून दमट धुकं धरलं आणि घरभर वखारीचा वास पसरला.

नीनाला वाटलं, अर्चना चोरून ओढते. अर्चनाला वाटलं, आई बाबांच्या आठवणीने मला तापवते. दोघी एकमेकींचं मन राखायला गप्प बसल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं. मग रोजच.

अर्चनाने आयुष्यात सिगारेट ओढली नव्हती. पण एके दुपारी ती वासाच्या मागे मागे आली. मी गरम होतो. "बाबा," ती पुटपुटली आणि तिने मला ओठांना लावलं. मला नको होतं. पण आमच्यासारख्यांना नाही म्हणता येत नाही.

ती रोज येऊ लागली. पान संपलं तर नवं आणून भरू लागली. लॅपटॉपवरच्या मीटिंग चुकवून त्या खुर्चीत बसू लागली. तिला खोकला लागला. आणि हळूहळू तिची मराठी सुधारली. 'तो', 'ती', 'ते' आपापल्या जागी गेले. सुरुवातीला नीनाला कौतुक वाटलं. ब्रिस्टलहून अर्चनाची मैत्रीण उर्वी भेटायला आली. जाताना दाराशी ती हळूच इंग्रजीत म्हणाली, "आंटी, ती माझ्याशीही मराठीतच बोलत होती. मला मराठी येत नाही, हे ती विसरलीये. आणि आवाज... तुम्ही ऐकलात का तिचा आवाज?"

त्याच दुपारी नीना काचेच्या खोलीत आली. अर्चना पाय पसरून बसली होती. वळूनही न पाहता ती म्हणाली, "वाईच चहा टाक की, नीना. घसा पार कोरडा पडलाय बघ."

मुलगी आईला नावाने हाक मारत नव्हती. ती हाक दुसऱ्याच कोणाची होती.

नीनाने पुढे होऊन मला तिच्या हातातून ओढून घेतलं. मी तिच्या तळहाताला चटका देत होतो, माझा दिवा लागलेला होता. "चार्जर तर मी कधीच देऊन टाकला," ती स्वतःशीच म्हणाली. मग तिने पदराने कपाळ पुसलं आणि मुलीच्या डोळ्यांत पाहून विचारलं, "अहो, तुम्ही आहात ना?"

"एकटं वाटतंय गं," अर्चनाच्या तोंडून उत्तर आलं. "दार लावून जायचीस. शेजारी कोणी बसायचंच नाही."

काचेवरून धुक्याचे थेंब ओघळत होते. नीना पळाली नाही. तिने दुसरी खुर्ची ओढली आणि गुडघ्याला गुडघा लावून बसली.

"बसले बघा मी," ती म्हणाली. "बोला तुम्ही, मी ऐकते. सगळं ऐकते. पण पोरीला सोडा. तिचा श्वास तिला लागणार आहे."

आणि मग अर्चनाच्या तोंडून हरीश बोलत राहिले. वखार, थप्प्या, आबा. माझ्यात साठलेलं एकेक बाहेर पडत होतं आणि मी हलका होत होतो. नीना मध्येच हुंकार देई, मध्येच विचारी, "मग पुढं?" ऊन खुर्चीवरून उतरलं, जमिनीवर आलं, भिंतीवर चढलं. आवाज बारीक होत गेला. माझा दिवा मंद झाला आणि विझला.

अर्चना दचकली. तिने इकडेतिकडे पाहिलं, मग ती खोकली आणि गळ्याला हात लावून म्हणाली, "आई, माझी घसा का दुखतो?"

नीनाने तिला छातीशी धरलं. "माझी घसा," ती म्हणत होती, रडत होती आणि हसत होती. "माझी घसा म्हणाली गं बाई माझी!"

आठवड्याच्या शेवटी दोघींनी मला कौन्सिलच्या टिपवर, म्हणजे भंगार टाकायच्या जागी, नेलं. नीनाने माझी वाटी कोरून स्वच्छ केली होती. आता मी बंद पडलेल्या केटल्या आणि हेअर ड्रायर यांच्यात पडून आहे. आम्हाला लवकरच फोडतील. अजूनही एखाद्या दुपारी तोटीवर ओठ टेकल्यासारखे वाटतात. ते हरीशचे नाहीत. कोणाचे आहेत, ते मला ठाऊक नाही. मी गारच राहतो.

म्हणून सांगतो, मित्रांनो. कुठे माझ्यासारखं काही सापडलं तर ते तोंडाला लावू नका. धूर नसला म्हणजे इजा नसतेच असं नाही. आणि तुमच्या घरात कोणी दुपारचं एकटं बसत असेल, तर खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसा. त्याचं बोलणं तुमच्या कानांत जाऊ द्या. नाहीतर ते आमच्यासारख्यांच्या पोटात साठतं. आणि पुढे ते कोणाच्या स्वाधीन करायचं, हे आम्हाला कळत नाही.